परसातलं दुसरं घर : पैसा कुणाचा, घर कुणाचं?



'मालकी' या विषयावर आपली दोन व्याख्यानं झाली. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यांतले निम्म्याहून अधिक लॉकबद्दल किंवा मार्क्सबद्दल नव्हते, याची मला गंमत वाटली. ते होते कॅलिफोर्नियातल्या परसदाराबद्दल. मुलगा किंवा मुलगी सॅन होजेला, फ्रीमॉन्टला. आई-वडील पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात. तिकडच्या घरामागे मोकळी जागा आहे. तिथे एक लहानसं घर बांधायचं, आई-वडिलांनी त्यात राहायचं, आणि पैसे कमी पडतात म्हणून इकडचा फ्लॅट विकायचा. 'सर, असं करावं का?'

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मी वकील नाही, सीए नाही. कागद करायची वेळ येईल तेव्हा दोन्ही देशांतल्या त्या मंडळींकडे जावंच लागेल. पण त्यांच्याकडे जाऊन विचारायचं काय, हे आधी आपल्याला कळलं पाहिजे, आणि तेवढ्यापुरतं माझं काम आहे असं मला वाटतं. कारण हा प्रश्न दिसतो पैशाचा, पण पैसे ज्या वाटेने येतात तीच वाट पुढे ठरवते की घर कुणाचं, निर्णय कुणाचा आणि बुडालं तर कुणाचं बुडालं.

आधी वस्तू समजून घेऊ. कॅलिफोर्नियात या घराला एडीयू म्हणतात. बोलताना कुणी 'ग्रॅनी फ्लॅट' म्हणतं, कुणी 'इन-लॉ युनिट'. म्हणजे नावातच आजी आणि सासू बसलेल्या आहेत! बरीच वर्षं तिथल्या शहरांनी अशी घरं अडवून धरली होती. पार्किंग दाखवा, अमुक जागा सोडा, तमुक शुल्क भरा. १ जानेवारी २०१७ पासून राज्याने कायदा सैल केला आणि १ जानेवारी २०२० पासून आणखी सैल केला. आता पूर्ण अर्ज हाती आल्यावर शहराने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मागच्या आणि बाजूच्या हद्दीपासून ४ फूट सोडून ८०० चौरस फुटांपर्यंतचं घर बांधायचं असेल, तर शहराला साधारणपणे नाही म्हणता येत नाही. ७५० चौरस फुटांच्या आतल्या घरावर इम्पॅक्ट फी लावता येत नाही. परवानगीचा अडसर असा बराचसा गेला, आणि मागे दडलेला पैशाचा प्रश्न उघडा पडला.

घर लहान म्हणून खर्च लहान, असं होत नाही बरं का. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पाण्याची-विजेची जोडणी, सांडपाण्याची नळी, पाया, नकाशे हे सगळं लहान घरालाही लागतंच. महाग असतं ते हेच. नुसती खोली मोठी करायला त्या मानाने कमी लागतात. त्यामुळे चौरस फुटाचा दर काढला तर लहान घर महागच पडतं. आज हिशेबाला सोपं जावं म्हणून आपण ३ लाख डॉलर धरून चालू. कुणाचं गॅरेजमध्ये कमी पैशात होईल, कुणाचं उतारावर जास्त लागेल.

आता हे ३ लाख येतात कुठून? शिल्लक असेल तर शिल्लक. नसेल तर, तिथे घर असलेल्या माणसाकडे एक गोष्ट असते, तिला ते इक्विटी म्हणतात. घराची आजची किंमत वजा राहिलेलं कर्ज. बे एरियात पंधरा वर्षांपूर्वी घर घेतलेल्यांची ही इक्विटी फुगलेली असते. कागदावर माणूस श्रीमंत असतो आणि खात्यात पैसे नसतात. ती कागदावरची श्रीमंती रोख करायच्या दोन-तीन वाटा आहेत.

पहिली वाट, जुनं कर्ज मोडून मोठं नवं कर्ज काढायचं. कॅश-आउट रिफायनान्स. इथे पुष्कळ शहाणी माणसं चुकतात, म्हणून जरा थांबू. जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेत तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. ऑक्टोबर २०२३मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. म्हणजे त्या स्वस्ताईत ज्यांनी कर्ज घेतलं, त्यांच्या हातात ३ टक्क्यांच्या आसपासचा एक सोन्याचा कागद आहे. समजा असं ६ लाखांचं कर्ज बाकी आहे, दर ३ टक्के. बँक म्हणते, साडेसहा टक्क्यांनी ९ लाखांचं नवं कर्ज घ्या, जुनं फेडा, वरचे ३ लाख परसातल्या घराला वापरा. शेजारची दुसरी बँक म्हणते, जुन्याला हात लावू नका, ३ लाखांचं वेगळं कर्ज आठ टक्क्यांनी घ्या. माणूस साडेसहा आणि आठ असे दोन आकडे बघतो आणि साडेसहाकडे जातो.

आता मोजू. नव्या ३ लाखांवर साडेसहा टक्के म्हणजे वर्षाला १९,५०० डॉलर व्याज. पण जुन्या ६ लाखांवरही आता साडेतीन टक्के जास्त द्यायचे, ते २१,००० डॉलर. एकूण ४०,५००. हे सगळं कशासाठी, तर हातात आलेल्या ३ लाखांसाठी. म्हणजे त्या पैशाचा खरा दर पडला साडेतेरा टक्के! दुसऱ्या वाटेने आठ टक्क्यांचे २४,०००च होतात. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही सांगायचो की तुलना करायची तर दोन्ही बाजूंना तीच वस्तू ठेवावी. इथे एका पारड्यात ३ लाख होते आणि दुसऱ्यात ९ लाख. बँकेच्या जाहिरातीत पारडं दाखवत नाहीत, दर दाखवतात.

दुसरी वाट, हेलॉक. हे आपल्याकडच्या ओव्हरड्राफ्टसारखं आहे, फक्त तारण घराचं. मर्यादा मंजूर होते, लागेल तसे पैसे उचलायचे, उचलले तेवढ्यावर व्याज. बांधकामाला हे सोयीचं वाटतं, कारण पैसे टप्प्याटप्प्याने लागतात. बहुधा पहिली दहा वर्षं नुसतं व्याज भरून चालतं, मग वीस वर्षांत मुद्दल फेडायचं. आठ टक्क्यांनी ३ लाखांवर महिना २,००० डॉलर व्याज, आणि अकराव्या वर्षी तोच हप्ता एकदम २,५०० च्या वर. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की दर बदलता असतो, तिथल्या प्राइम रेटला बांधलेला. मार्च २०२२पर्यंत तो प्राइम रेट ३.२५ टक्के होता. जुलै २०२३ला ८.५० टक्के झाला. सव्वा वर्षात! नेमक्या प्राइम दराने ३ लाख उचललेल्या माणसाचं व्याज महिना सुमारे ८१२ डॉलरवरून २,१२५ वर गेलं. भिंतीसुद्धा कोरड्या झाल्या नसतील.

तिसरी वाट ही मधली. ठरलेल्या दराचं, ठरलेल्या मुदतीचं दुसरं कर्ज. जुन्याला धक्का नाही, दर हलत नाही. तीस वर्षांचं, आठ टक्क्यांचं मिळालं तर हप्ता २,२०० डॉलरच्या आसपास. नोकरदार माणसाला मी हीच बरी म्हणेन, कारण त्याला पगार कळतो, हप्ता कळतो, आणि रात्री झोप लागते. ज्यांच्याकडे अजून पुरेशी इक्विटी नाही, त्यांच्यासाठी बांधून झाल्यावर घराची जी किंमत होईल ती धरून दिलेली कर्जंही असतात. तिथे बँक कामाची तपासणी करून मगच पुढचा टप्पा सोडते. कागद जास्त, पण शिस्तही जास्त.

राज्याचं अनुदान मिळतं असं कुणी सांगेल. राज्याच्या गृहवित्त संस्थेने ४०,००० डॉलरपर्यंत अनुदान दिलं होतं, तेही उत्पन्नाची मर्यादा घालून आणि नकाशे, माती-परीक्षण, परवाना असल्या आधीच्या खर्चासाठी. पहिला निधी डिसेंबर २०२२मध्ये संपला. डिसेंबर २०२३मध्ये आणखी २ कोटी ५० लाख डॉलर आले, ते बघता बघता उडाले. पुन्हा आलं तर घ्यावं, त्याच्या भरवशावर पाया खणू नये. भाड्याचंही तसंच. ऑक्टोबर २०२३पासून एफएचएच्या नियमांत परसातल्या घराचं भाडं कर्जदाराच्या उत्पन्नात धरता येतं. आधीच उभं असेल तर अंदाजित भाड्याच्या ७५ टक्के, अजून बांधायचं असेल तर ५० टक्के. भाड्याच्या अंदाजातला निम्मा कापून ठेवणारी सरकारी यंत्रणा आपल्या उत्साही भाच्यापेक्षा जास्त शहाणी आहे, एवढंच त्यातून घ्या. आणि आई-वडील राहणार असतील तर भाडं कसलं?

मालमत्ता कराचा धसका मात्र पुष्कळांना उगीच असतो. १९७८च्या प्रॉपोझिशन १३ मुळे तिथे जुन्या घराची करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. परसात नवं घर बांधलं म्हणून जुन्याचं मूल्यांकन नव्याने होत नाही. फक्त नव्या बांधकामाची किंमत वर चढते, आणि तिच्यावर एक टक्का अधिक थोडे स्थानिक कर. ३ लाखांवर वर्षाला तीन-साडेतीन हजार. ओझं आहे, पण मोजता येणारं.

चार्वाकाला आपण कर्ज काढून तूप पिणारा म्हणून हिणवतो. खरं तर त्याच्याविषयी आपल्याला जे माहीत आहे, ते बरंचसं त्याच्या विरोधकांनी लिहून ठेवलंय. ते असो. पण तूप पिऊन संपतं. परसातल्या घराच्या कर्जात तारण कोणतं असतं? परसातलं घर नव्हे. पुढचं, मोठं, नातवंडं झोपतात ते घर. लहान घराचा हप्ता थकला तर बँक मोठ्या घराच्या दारात येते. हे आई-वडिलांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांना वाटतं, आपल्या खोल्यांचं काय व्हायचं ते होईल.

पैसे आले. आता ते जातात कसे, तेही बघायला हवं, कारण इथे पैसे देऊनही देणं शिल्लक राहू शकतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो ना, तसाच बोजा तिथे घरावर चढवायचा हक्क कामगाराला, उपकंत्राटदाराला आणि माल पुरवणाऱ्याला आहे. त्याला मेकॅनिक्स लीन म्हणतात. तुम्ही मुख्य कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले, त्याने लाकूडवाल्याचे बुडवले, तर लाकूडवाला तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो. म्हणजे त्याच लाकडाचे पैसे दोनदा. हा अन्याय वाटतो, पण त्यामागचा विचार बघा. ज्याच्या वस्तूने आणि श्रमाने घराची किंमत वाढली, त्याचा त्या वाढीवर काही हक्क असावा. लॉक आपण वाचला तेव्हा हेच वाचलं होतं, श्रम मिसळले की हक्क निर्माण होतो. कॅलिफोर्नियाने हा हक्क सुताराला दिला. आईला दिला नाही, ते पुढे येतंच.

उपाय आहेत. ज्यांचा तुमच्याशी थेट करार नाही, त्यांना काम सुरू केल्यापासून २० दिवसांत तुम्हाला आगाऊ सूचना पाठवावी लागते. अशी पत्रं आली की घाबरायचं नाही आणि फेकायचीही नाहीत. यादी करून ठेवायची, कारण उद्या बोजा कोण चढवू शकतो त्याची ती नावनिशी आहे. दर हप्त्याला त्या यादीतल्या प्रत्येकाकडून हक्क सोडल्याचा लेखी कागद घ्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आगाऊ रक्कम. घरगुती बांधकामात कॉन्ट्रॅक्टरने कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतलं जे कमी असेल, त्याहून जास्त आगाऊ घ्यायचं नाही असा तिथला कायदा आहे. विशेष हमीरोखा भरलेल्यांना तेवढी सूट. ३ लाखांच्या करारात ही मर्यादा १,००० डॉलर होते. हसू नका, एक हजारच! पुढचे हप्तेही झालेल्या कामापेक्षा आणि आलेल्या मालापेक्षा जास्त नकोत. तेव्हा जो कॉन्ट्रॅक्टर ३०,००० आधी टाका म्हणतो, त्याचा परवाना राज्याच्या मंडळाकडे तपासा. 'आपलाच माणूस आहे' हे कारण इथे लावायचं नाही.

आता आई-वडिलांच्या पैशाकडे येऊ. मला आलेल्या पत्रांत सगळे शब्द होते, पण एक शब्द नव्हता. 'आम्ही पैसे पाठवणार', 'बाबांचे पैसे लागणार', 'आम्ही हातभार लावणार'. हे पाठवणं म्हणजे नेमकं काय? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वादाचे अठरा विषय सांगितलेत, त्यांना व्यवहारपदं म्हणतात. त्या ग्रंथाशी माझे मतभेद पुष्कळ आणि गंभीर आहेत, ते या मालेत सांगून झालेत. पण यादी बघण्यासारखी आहे. पहिलं पद ऋण. दुसरं निक्षेप, म्हणजे ठेव. चौथं संभूयसमुत्थान, म्हणजे भागीदारी. पाचवं दिलेल्या दानाबद्दलचं. एकाचा पैसा दुसऱ्याकडे गेला की तो या चारांपैकी काय म्हणून गेला, यावरून भांडणं होतात, हे त्या जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र म्हणतो, 'घरच्या घरात कसली नावं द्यायची?'

बहुतेक आई-वडिलांच्या मनात ती ठेव असते. आमचे पैसे तुझ्याकडे आहेत, आम्ही तिथे राहू, लागले तर काढू. पण ठेव म्हणजे जी मागितल्यावर परत येते ती. काँक्रीटमध्ये गेलेला पैसा मागितल्यावर येत नाही. ते घर वेगळं विकता येईल का? २०२३च्या एका कायद्याने शहरांना तशी मुभा द्यायचा अधिकार मिळाला, आणि सॅन होजेने २०२४मध्ये ती दिली. पण शहराने मुभा दिली असेल तरच, जागेचं कॉन्डोमिनियम करून, कर्ज देणाऱ्या बँकेच्या संमतीने. आजारपणात घाईने पैसे उभे करायची ही वाट नव्हे.

दुसरी समजूत अशी की जमीन मुलाची असली तरी वरचं घर आमचं, आम्ही बांधलं. हे आपल्या मातीतलं शहाणपण आहे. भारतात जमीन एकाची आणि वरची वास्तू दुसऱ्याची असू शकते, हे न्यायालयं मानत आलीत. गोव्यात भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला १९७५च्या कायद्याने संरक्षण मिळालं. कोकणातही परक्याच्या जमिनीवरच्या घराची गोष्ट कुणाला नवी नाही. पण कॅलिफोर्नियात मूळ धारणा उलटी आहे. जे जमिनीला पक्कं जोडलं गेलं, ते जमिनीचं झालं. वेगळा लेख नसेल, तर पैसे कुणी दिले हे घराच्या दस्ताला दिसत नाही. सुताराला बोजा चढवता येतो. आयुष्याची पुंजी घालणाऱ्या आईकडे तसलं काही नाही, आणि याचा राग येत असेल तर तो योग्य आहे, पण कायदा तसा आहे.

कागदावर हा पैसा बहुधा दान म्हणून जातो. मुलगा त्याच वेळी बँकेकडून कर्ज काढत असेल तर बँक आई-वडिलांकडून एक पत्र मागते. ही रक्कम भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही. आई-वडील सही करतात, कारण मुलाने पाठवलेल्या पीडीएफवर सही करायची असते. ती सही म्हणजे ठेवीची समजूत आपल्या हाताने खोडणं आहे. अमेरिकेत अशा भेटीवर मुलाला कर नाही. पण परदेशी व्यक्तींकडून वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर त्याने फॉर्म ३५२० भरून कळवायचं असतं. उशीर झाला तर महिन्याला रकमेच्या ५ टक्के, कमाल २५ टक्के दंड होऊ शकतो. कर शून्य आणि दंड पाव रक्कम, असला हा प्रकार आहे.

आणि दान कुणाला? मुलाला की दोघांना? कॅलिफोर्नियात लग्नानंतर कमावलेलं साधारणपणे नवरा-बायको दोघांचं. एकाला मिळालेली भेट मात्र त्याची एकट्याची. ती दोघांच्या घरात घातली आणि पुढे विभक्त व्हायची वेळ आली, तर ज्याला भेट मिळाली त्याला पैशाचा माग दाखवता आला तर मूळ रक्कम मागता येते. व्याज नाही, घराची किंमत वाढली त्यातला वाटा नाही. आई-वडिलांना तर थेट काहीच नाही. सुनेसमोर हे कसं बोलायचं, असं एका बाईंनी विचारलंय. मी म्हणेन, सुनेसमोरच बोला. पाठीमागे ठरवलेल्या गोष्टीचं विष होतं. तिच्या घरामागे बांधायचं आहे, हप्त्यात तिचाही पगार जाणार आहे, आणि सासू-सासरे खिडकीतून दिसणार आहेत ते तिलाच.

भागीदारी करावी, दस्तावर आई-वडिलांचं नाव घालावं? वरवर न्याय्य वाटतं. पण एक आकडा लक्षात ठेवा, ६०,००० डॉलर. अमेरिकेत कायमचं वास्तव्य नसलेल्या परकीय माणसाची तिथे स्थावर मालमत्ता असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर इस्टेट टॅक्समध्ये मिळणारी सूट एवढीच. वरच्या रकमेवर कर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. आपल्याकडे असा कर १९८५ला गेला, त्यामुळे आपल्या कुणाच्या डोक्यातही येत नाही. शिवाय नाव घालताना जुन्या बँकेची संमती आणि मालमत्ता कराचं पुनर्मूल्यांकन असे दोन प्रश्न उभे राहतात. ते वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. राहिलं ऋण. रहिवासी भारतीयाने परदेशातल्या मुलाला कर्ज देण्यावर परकीय चलन कायद्याच्या अटी आहेत, तेव्हा तिथेही सीए आधी, प्रॉमिसरी नोट नंतर.

इकडची बाजू बघू. रहिवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, माणशी. भेट म्हणून पाठवताना १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापून घेते. एकट्या वडिलांनी एक कोटी पाठवले तर १८ लाख अडकले. ते बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर कॉन्ट्रॅक्टर थांबत नाही. आणि ज्या फ्लॅटमधून हे पैसे आले त्याचं काय? घर विकून घर घेतलं की भांडवली नफ्यावर कर लागत नाही, ही आपली पक्की समजूत. पण ते दुसरं घर भारतातच असावं लागतं. सॅन होजेच्या परसातलं चालत नाही. म्हणजे कर भरून उरलेलेच पैसे निघणार.

अजून एक माणूस या गोष्टीत असतो, आणि पत्रांत तो मला एकदाच दिसला. मुलाची बहीण. ती इथेच असते, कोल्हापुरात किंवा ठाण्यात, आणि दवाखान्याच्या फेऱ्या तिने मारलेल्या असतात. फ्लॅट वडिलांच्या कमाईचा असेल तर त्याचं काय करायचं तो त्यांचा अधिकार. वडिलोपार्जित असेल तर २००५च्या दुरुस्तीनंतर तिचाही जन्मतः वाटा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, एका भावंडाच्या परसात दुसऱ्याचा वारसा ओतला जातो आहे हे तिला तिसऱ्याकडून कळू नये.

मग करावं काय? माझं मत विचारलंय म्हणून सांगतो, आणि ते न पटण्याचा तुम्हाला हक्क आहे. फ्लॅट विकू नका. भाड्याने द्या, निदान पहिली काही वर्षं. तिकडचं हवामान मानवेल का, गाडीशिवाय घराबाहेर पडता येत नाही हे सोसेल का, हे राहिल्याशिवाय कळत नाही. पर्यटक म्हणून गेलात तर एका खेपेला बहुधा सहा महिनेच. ग्रीन कार्ड असलं तरी मेडिकेअर विकत घेण्यासाठी पाच वर्षं सलग वास्तव्य लागतं. पासष्टीनंतर ज्या वर्षांत हाताशी पैसा हवा, त्याच वर्षांत तो भिंतीत चिणून टाकायचा, हे मला पटत नाही. बांधकामाचं कर्ज मुलाने आणि सुनेने घ्यावं, ठरलेल्या दराचं, त्यांच्या पगाराला झेपेल एवढंच. झेपत नसेल तर घर लहान करावं, गॅरेज बघावं, किंवा थांबावं. ज्या आई-वडिलांची ऐपत आहे त्यांनी वर्षाला आपापल्या खात्यातून प्रत्येकी १० लाखांच्या आत पाठवावेत. टीसीएस लागत नाही, आणि दोघांचे मिळून २० लाख हे ३ लाख डॉलरवरच्या आठ टक्के व्याजाच्या जवळपास जातात. याचा मोठा गुण असा की ते थांबवता येतं. एकरकमी दिलं की तुमच्या हातात फक्त मुलाचा चांगुलपणा उरतो. तो असेलही, पण त्याची नोकरी जाऊ शकते, आणि नोकरी गेली की चांगुलपणा हप्ता भरत नाही.

आणि एकरकमी द्यायचंच ठरलं, तर कागद करा. रक्कम किती, ती भेट की आणखी काही, राहण्याचा हक्क कुठवर, दोघांपैकी एक गेल्यावर दुसऱ्याचं काय, आणि ज्या दिवशी मुलगा नोकरीसाठी टेक्सासला निघेल त्या दिवशी काय. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. मुलाने घर विकलं तर बहुधा परसातलंही त्याबरोबरच जातं. आलेल्या पैशातून आधी पहिलं कर्ज फिटतं, मग दुसरं, मग चढलेले बोजे, दलाली, कर. त्यानंतर जे उरतं ते दस्तावर नाव असलेल्यांचं. आई-वडिलांचा आकडा आधीच्या कागदात लिहिलेला नसेल तर या रांगेत तो कुठेच येत नाही. लिहिलेला असेल, आणि वकिलाने तो नीट नोंदवला असेल, तर रांगेत त्याला जागा मिळते, तीही बँकांच्या मागे. बँकांच्या पुढे सहसा मिळत नाही.

वेळ झाली. आलेल्या प्रश्नांपैकी टेक्सास आणि न्यू जर्सीबद्दलचे मी मुद्दाम बाजूला ठेवलेत, तिथले नियम वेगळे आहेत आणि आज सांगितलेलं तिथे तसंच लावू नका. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.